सांभाळता येईल तेवढेच

संग्रहाचा छंद सधनांचा, असे आपल्याकडे सर्वसाधारणपणे मानले जाते. घड्याळांच्या बाबतीत तर हा समज अधिकच दृढ आहे. एखाद्या नामांकित स्विस घड्याळाच्या किमतीत भाईंदरला भाड्याच्या घराची अनामत रक्कम भरून वर काही महिन्यांचे भाडेही निघते, हे ज्याला ठाऊक आहे तो या वाटेला सहसा जात नाही. मीही नोकरीच्या काळात गेलो नाही. निवृत्तीनंतर औषधे, किराणा आणि सोसायटीचा मेंटेनन्स वजा जाता जे उरते, त्यातून माझा संग्रह हळूहळू उभा राहिला. तो एका लहान लाकडी पेटीत मावतो आणि त्यातले एकही घड्याळ श्रीमंत माणसाच्या मनगटावरून आलेले नाही. तरीही वेळ आणि कर्तव्य यांच्या संबंधाविषयी या पेटीने मला जे विचार करायला लावले, ते वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

मोजक्या पैशांत सुरुवात करणाऱ्याने आपल्याकडे एचएमटीकडे वळावे, यात जाणकारांचे दुमत नसावे. यंत्रे बनवणारी यंत्रे देशात तयार व्हावीत म्हणून 1953 साली स्थापन झालेल्या या सार्वजनिक कंपनीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि राणीबाग येथेही तिची घड्याळे तयार होऊ लागली. जनता, पायलट, सोना, कांचन, कोहिनूर ही नावे माझ्या पिढीला पाठ आहेत. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, निवृत्त होणाऱ्या शिपायाला हीच घड्याळे दिली जात. आज त्यांतील साधी जनता जुन्या बाजारात दोन हजारांच्या आतबाहेर मिळते. लाखोंच्या संख्येने बनल्यामुळे ती स्वस्त आहे. ती लाखोंच्या संख्येने का बनवावी लागली, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे.

मुंबईच्या श्रमिकाला वेळ फार काळ दुसऱ्याकडून मिळत असे. गिरणीचा भोंगा वाजला की पहाट झाली आणि पुन्हा वाजला की पाळी सुटली. मालकाच्या घड्याळावर विश्वास ठेवण्यावाचून कामगाराला गत्यंतर नव्हते. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तेव्हा ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटांनी पुढे होती. घड्याळ पुढे सरकले म्हणजे कामगाराला तेवढे आधी, अंधारातच घर सोडावे लागणार होते. जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी त्याच जानेवारीत या बदलाला विरोध केला. सूर्य तोच, अंतर तेच, श्रमही तेच. केवळ काटे हलवून कोणी आपली पहाट काढून घेऊ शकतो, याची ती जाणीव होती. या पार्श्वभूमीवर सामान्य माणसाला परवडणाऱ्या घड्याळाला ‘जनता’ हे नाव मिळाले, याचे मोल मला मोठे वाटते. पाळी खरोखर किती वाजता सुटली, हे ज्याचे त्याला आता आपल्या मनगटावर पाहता येत होते.

मीरा-भाईंदरमध्ये राहून हा विचार टाळता येत नाही. 1985 साली येथे नगरपरिषद झाली आणि 2002 साली महानगरपालिका. मिठागरे आणि शेते यांच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या. त्यांत राहायला आलेल्यांपैकी पुष्कळांना मुंबईची जागा परवडेनाशी झाली होती आणि काम मात्र मुंबईतच होते. येथील माणूस गाडी तिच्या मिनिटाने ओळखतो. ते मिनिट चुकले तर दाराला लोंबकळत जावे लागते, नाहीतर कार्यालयात लाल शेरा पत्करावा लागतो. चर्चगेटपर्यंत चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर उभ्याने कापणाऱ्या माणसासाठी घड्याळ हा अलंकार कधीच नव्हता.

माझ्या पेटीतली एक जनता आमच्याच इमारतीतल्या एका काकूंकडून आली. त्यांचे यजमान लालबागच्या एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणीत परतणे झाले नाही. काही वर्षे मिळेल ते काम करून त्यांनी लालबागची खोली विकली आणि कुटुंब भाईंदरला आले. ते गेल्यावर घड्याळ कपाटात तसेच पडून होते. मला घड्याळांचा नाद आहे, हे कळल्यावर काकूंनी ते आणून माझ्या हातावर ठेवले. मी म्हणालो, “काकू, हे तुमच्याकडेच राहू द्या. मी दुरुस्त करून आणून देतो.” त्यांनी मान हलवली. “मला चावी द्यायला जमत नाही, बोटं दुखतात. तुम्हीच ठेवा. पण पाचशे रुपये द्या. फुकटचं कुणी सांभाळत नाही, भाऊ.”

या वाक्याचा अर्थ मी अनेक दिवस लावत होतो. त्यांना पाचशे रुपयांची निकड नव्हती, आणि पाचशे ही त्या घड्याळाची किंमतही नव्हती. एका व्यवहाराने त्यांनी मला बांधून घेतले. देणगी घेणारा कृतज्ञ राहतो, पण कृतज्ञता कालांतराने विरते. मोल देऊन घेतलेल्या वस्तूची जबाबदारी मात्र घेणाऱ्यावर स्पष्टपणे येऊन पडते. किंमत ही केवळ मालकी मिळवण्यासाठी भरायची रक्कम नसून जबाबदारी पत्करल्याची खूणही असू शकते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मला आढळले नव्हते.

ते घड्याळ मी स्टेशन रोडवरच्या एका वृद्ध कारागिराकडे नेले. काच बसवलेल्या लहान टेबलामागे ते बसतात. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “मशीन चांगलं आहे. तेल सुकलंय.” मग एकेक चाक चिमट्याने उचलून त्यांनी पेट्रोलमध्ये धुतले आणि उपड्या काचपात्राखाली धुळीपासून झाकून ठेवले. या मशीनमध्ये 17 ज्वेल असतात. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणिकाचे सूक्ष्म खडे. फिरणाऱ्या दांड्यांची टोके त्यांत टेकतात, त्यामुळे घर्षण अल्प होते आणि झीज लांबते. सर्व जोडून झाल्यावर त्यांनी सुईच्या अग्राएवढे तेल दिले, चावीचे दोन फेरे दिले आणि बॅलन्सचे चाक थरथरून फिरू लागले. “रोज एकाच वेळेला चावी द्या,” ते म्हणाले. “आणि घट्ट लागली की थांबा. जोर करायचा नाही.” ताशी 18,000 ठोके, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार. इतके कष्ट करणाऱ्या यंत्राची अपेक्षा एवढीच, की दिवसातून एकदा कोणीतरी त्याची आठवण ठेवावी.

बाजारात फिरताना मात्र वेगळीच कसोटी लागते. जुन्या घड्याळांना नवी डायल रंगवून विकण्याचा उद्योग मुंबईत इतका फोफावला आहे, की परदेशांतील संग्राहकही अशा मालाला मुंबईचेच नाव लावून ओळखतात. एकदा माझ्यापुढे दोन पायलट ठेवल्या गेल्या. एकीची डायल झगझगीत निळी होती. अक्षरे किंचित जाड, मिनिटांच्या रेषा कडेला तिरप्या गेलेल्या. दुसरीची डायल मूळची काळी, पण एका बाजूला तपकिरी पडलेली, आणि अंकांवरचा चमकता रंग पिवळटलेला. विक्रेता पहिलीचे जास्त पैसे मागत होता. मी दुसरी घेतली. यात माझ्या पारखीचे कौतुक नाही. बजेट तोकडे असल्याने स्वस्त तीच घेणे भाग होते. परंतु तोकडे बजेट माणसाला वारंवार अशा निवडीपुढे उभे करते, आणि ज्या वस्तूने आपले वय लपवलेले नाही तिच्यावर विश्वास ठेवायला हळूहळू शिकवते. ज्याच्याकडे पुष्कळ पैसा आहे तो दोन्ही घेईल आणि त्याला हा प्रश्न पडणारच नाही.

वय लपवण्याचा मोह आमच्या गावात फार जवळ राहतो. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. तेथे बफच्या चाकावर पातेले क्षणात आरशासारखे होते. एका परिचिताने माझ्या जनतेची धातूची केसही तशीच चकचकीत करून देतो, असे प्रेमाने सुचवले. ती केस पितळेची असून तिच्यावर क्रोमचा पातळ मुलामा असतो. तो चाकापुढे टिकत नाही. खालचे पिवळे पितळ उघडे पडते आणि मूळचा मुलामा परत येत नाही. खाडीवरून येणारी खारी, दमट हवा हाही येथे नित्याचा शत्रू आहे. पावसाळ्यात पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक घड्याळ कोरड्या फडक्याने पुसावे लागते. रक्षण करणाऱ्याला नुकसान टाळण्यासाठी श्रम करावे लागतात, तसा कधीकधी सुधारण्याचा उत्साहही आवरावा लागतो. वृद्ध माणसांच्या शुश्रूषेतही हे दोन्ही लागते.

व्यवहारी वाचक येथे विचारील, की या खटाटोपाचे प्रयोजन काय? 1969 च्या डिसेंबरात जपानच्या सेकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले आणि अचूकतेचा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला. आपल्याकडे टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी 1984 मध्ये स्थापन केलेल्या टायटनने क्वार्ट्झ घरोघरी पोहोचवले. जानेवारी 2016 मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. आज खिशातला फोन नेटवर्कवरून वेळ जुळवून सेकंद सांगतो, आणि माझी जनता दिवसाला अर्धे मिनिट मागे पडते. उपयुक्ततेच्या निकषावर माझी बाजू टिकत नाही, हे मी मान्य करतो.

परंतु उपयुक्तता संपली म्हणजे दायित्वही संपते, हे मला पटत नाही. आपण ज्यांना निवृत्त म्हणतो त्यांच्याविषयी समाजाची भूमिका हाच प्रश्न ठरवतो. गिरण्या बंद झाल्या तेव्हा यंत्रे भंगारात गेली आणि यंत्रांमागची माणसे उपनगरांत पांगली. त्यांनी वेळेवर केलेल्या हजारो पाळ्यांची नोंद कोणत्याही हजेरीपुस्तकात आज सापडणार नाही. जी थोडी साधने उरली आहेत ती चालू स्थितीत ठेवणे, हे त्या श्रमांचे ऋण फेडणे नव्हे. ते फिटण्यासारखे नाही. ते ऋण होते, एवढे विसरले जाऊ नये, इतकाच या छंदाचा आधार आहे. काकूंच्या यजमानांचे घड्याळ बंद पडलेले जपले असते तर ते स्मृतिचिन्ह झाले असते. चालू ठेवल्याने ते काम करते, आणि काम करणे हाच त्याच्या मालकाचा स्वभाव होता.

म्हणून नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याला माझे नम्र सांगणे असे, की आधी पैसे मोजू नयेत, सकाळचा वेळ मोजावा. चावीचे घड्याळ साधारण दीड दिवस चालते आणि वर्षानुवर्षे हात न लागलेल्या मशीनचे तेल सुकते. तेव्हा प्रत्येक घड्याळाची पाळी आठवड्यातून एकदा तरी यावी, दर काही वर्षांनी त्याच्या सर्व्हिसिंगचे पैसे बाजूला निघावेत, आणि ते उघडणारा विश्वासू कारागीर आपल्या आवाक्यात असावा. या तीन अटी पाळता येतील तेवढी संख्या हीच संग्रहाची सीमा. कोणाच्या बाबतीत ती सहा असेल, कोणाच्या बाबतीत दोन. ती सीमा आली की, कितीही स्वस्त आणि कितीही सुंदर घड्याळ समोर आले तरी, ते ज्याला सांभाळायला सवड आहे अशा दुसऱ्या कोणाकडे पाठवावे. पैशाची मर्यादा नशिबाने किंवा वेतनाने ठरते. आपण किती जणांचे पुरते करू शकतो, ही मर्यादा मात्र स्वतःच ओळखावी लागते, आणि ती प्रामाणिकपणे ओळखणाऱ्याचा संग्रह लहान असला तरी अपुरा नसतो.