क्विक

आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळींच्या तोंडी 'क्विक' हा इंग्रजी शब्द आता मराठीच होऊन बसला आहे. 'फादर, आजची मिस्सा जरा क्विक आटपाल का?' अशी विनवणी रविवारी कोणी ना कोणी करतोच. वाळूजला दुपारची पाळी असते आणि कंपनीची बस कोणासाठी थांबत नाही. मी रागावत नाही. मात्र या शब्दाचे कूळ शोधू लागलो, तेव्हा तो मूळचा घड्याळाचा चाकर नाही असे आढळले.

जुन्या इंग्रजीत 'क्विक' म्हणजे जिवंत. वेगाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. जे जिवंत असते ते हलते, एवढाच त्यातील धागा. आंग्लिकन बांधवांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातील विश्वासांगीकारात, प्रभू ज्यांचा न्याय करावयास येणार आहे त्या जिवंतांसाठी हाच शब्द योजला आहे. चंचल पारा म्हणजे 'क्विकसिल्व्हर', जिवंत चांदी. पाणी पडताच खदखदणाऱ्या कळीच्या चुन्यालाही हेच विशेषण. नखाखालचे हुळहुळे मांसही 'क्विक'च. त्या जागेला मराठीत जिव्हाळी म्हणतात, आणि माणसामाणसांतील ओढीला जिव्हाळा. आपल्या गडबडीत मात्र असा जीव नाही. गडबड म्हणजे घाई, गोंगाट आणि घोटाळाही. पूर्वजांनी अनुभवाने तिन्ही एकाच शब्दात कोंबले असावेत!

गर्भवतीला बाळाची पहिली हालचाल जाणवते, तिला इंग्रजीत 'क्विकनिंग' म्हणतात. हे वाचले आणि मला लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवला. पवित्र मरिया लगबगीने डोंगराळ प्रदेशातील यहूदाच्या गावी निघाली आणि तिचे अभिवादन कानी पडताच एलिझाबेथच्या उदरातील बाळाने उडी मारली. या उताऱ्यावर मी कितीतरी प्रवचने दिली; सेवाभावावर बोललो, नम्रतेवर बोललो, लगबगीवर कधी थांबलो नाही. मरिया घाईने पोहोचली खरी, पण घाईने परतली नाही. सुमारे तीन महिने तेथे राहिली. उलट योहानच्या शुभवर्तमानात यहूदा प्रभूच्या भोजनावरून तत्काळ उठतो आणि रात्रीच्या अंधारात बाहेर पडतो. दोघांचीही पावले वेगाने पडतात. एक जण माणसाकडे निघाला आहे, दुसरा माणसापासून.

आमच्या शहराचे नाव आज छत्रपती संभाजीनगर. १९७७ साली धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा ते औरंगाबाद होते. येथील कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावे आहे. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात या संतांनी काळजीपूर्वक काम करणे आणि धांदल करणे यांत स्पष्ट भेद केला आहे. संथ वाहणाऱ्या नद्या मोठी गलबते वाहून नेतात आणि हळुवार पाऊस शेते पिकवतो, असा त्यांचा दाखला. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. एका रात्रीत कोसळलेल्या पावसाने बांध फुटून माती वाहून जाते. झिमझिम मात्र जमिनीत मुरते, विहिरीच्या जिवंत झऱ्याला पोहोचते.

हे सारे मला सेमिनरीतच शिकवले होते, म्हणून पुढचे लिहिताना संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, एका आजारी आजींकडे मी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो. अजून तीन घरे आणि एक बैठक बाकी होती. प्रार्थना नेमकी होती, एक शब्दही गाळला नव्हता. दारात चपला घालू लागलो तेव्हा आजी म्हणाल्या, 'बसा की थोडं, फादर. एक सांगायचं होतं.' मी म्हणालो, 'पुढच्या शुक्रवारी निवांत बसू, आजी.' त्या हसल्या आणि हात जोडले.

पुढचा पहिला शुक्रवार यायच्या आधीच त्या गेल्या. दफनविधी मीच केला. कबरीपाशी बराच वेळ उभा राहिलो. त्या दिवशी मला कोठेही जायचे नव्हते. आजींना काय सांगायचे होते, हे मी मुलाला विचारून पाहिले. त्यालाही ते ठाऊक नव्हते.