तो माणूस घरीं कां आला?

कीर्तनांत दृष्टांत देणें हा आमचा चाळीस वर्षांचा धंदाच झाला आहे. धंदा हा शब्द आम्हीं जाणून वापरला. एकच दृष्टांत पुष्कळ वेळां दिला कीं तो गुळगुळीत होतो, हातांत सहज बसतो, आणि देणाऱ्याला कोठें टोंचत म्हणून नाहीं. असाच एक दृष्टांत गेल्या मार्गशीर्षांत आम्हांला फार टोंचला. तो कसा, तेंच आज सांगावयाचें आहे.

सन २०२४ च्या आषाढी वारींतली गोष्ट. बेळगांव जिल्ह्यांत निपाणीजवळ वेदगंगेच्या कांठीं यमगर्णी नांवाचें गांव आहे. गांव कर्नाटक राज्यांत, पण वारी कांहीं राज्याची हद्द पाहत नाहीं. तेथील एक वारकरी दर आषाढी-कार्तिकीस पंढरपुरास जाणारे. त्या सालीं जूनच्या अखेरच्या आठवड्यांत ते पायीं निघाले, तेव्हां एक काळा गांवठी कुत्रा त्यांच्या मागें चालूं लागला. लोक त्याला 'महाराज' म्हणत. भजन चाललें असलें कीं हा महाराज ऐकत बसे, असें सांगतात. (लोक आम्हांलाहि महाराज म्हणतात. दोघांत खरा कोण, हें पुढें दिसेल.)

पंढरपुरास विठोबाचें दर्शन झालें, आणि पाहतात तों कुत्रा नाहीं. तेथल्या लोकांनीं सांगितलें, तो दुसऱ्या मंडळींबरोबर निघून गेला. तरीहि त्या गृहस्थांनीं सर्वत्र धुंडाळलें. सांपडला नाहीं. लोक म्हणतात तेंच खरें असेल, असें मनाशीं धरून ते १४ जुलैला घरीं परतले. आणि दुसऱ्याच दिवशीं महाराज दारांत हजर! शेपटी हलवीत उभा, जणूं कांहीं झालेंच नाहीं. अंगानें धड, पोटानें भरलेला. मधलें अंतर सुमारें २५० किलोमीटर. गांवकऱ्यांनीं त्याच्या गळ्यांत हार घातला, पंगत घातली. वर्तमानपत्रांनीं देशभर ती हकीकत छापली.

कुत्र्याला वाट कशी सांपडते, याचा विचार शास्त्रज्ञांनींहि चालविला आहे. चेक देशांतील संशोधकांनीं २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यांत ठिकाण दाखविणारीं यंत्रें बांधून त्यांना रानांत सोडलें. तो अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला. दूर गेलेले कित्येक कुत्रे परततांना आधीं वीसेक मीटर उत्तर-दक्षिण रेषेवर धांवतात, आणि मग आल्या वाटेनें न जातां नव्याच वाटेनें धन्याकडे वळतात, असें त्यांना आढळलें. पृथ्वीच्या चुंबकशक्तीवरून ते दिशा लावीत असावेत, असा तर्क आहे. असेलहि. पण तें रान होतें, आणि धनी कांहीं अडीचशे किलोमीटर दूर नव्हता. आम्ही कीर्तनकार, आम्हांला उलगडा सोपा. पांडुरंगानें आणला, म्हणून मोकळे.

ही कथा आम्हीं दीड वर्ष वऱ्हाडांत गांवोगांव सांगितली. तिला नामदेवरायांची जोड द्यावयाची: कुत्रा कोरडी भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागें धांवले. टाळकरी रंगत, मृदंगाला जोर चढे, बाया पदरानें डोळे पुसत. आम्हांलाहि बरें वाटे.

२०२५ च्या डिसेंबरांत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीच्या सप्ताहांत वलगांवच्या बाजूला एका खेड्यांत आमचें कीर्तन होतें. पेढी नदीचा तो मुलूख. २० डिसेंबर १९५६ ला बाबांनीं देह ठेवला तो तिथेंच. बाबा कीर्तनांत लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढीत, त्यामुळें तिकडच्या श्रोत्यांना बोलायची संवय आहे. महाराजाची कथा संपली, गजर झाला, तोंच बायांच्या बाजूनें एक म्हातारी उठून उभी राहिली.

"बुवा, कुत्रं घरी आलं, लय बेस झालं. पन थो मानूस कुत्र्याबिगर घरी आलाच काऊन?"

"बस ना वं माय खाली," कोणीतरी म्हणालें. लोक हसले. आम्हींहि हसून म्हटलें, "माय, तो आला नसता तर कुत्र्याला दारांत भेटला कोण असता?" टाळ्या पडल्या. म्हातारी बसली. पण तिच्या तोंडावर समाधान नव्हतें, तें आम्हीं पाहिलें. चाळीस वर्षें समोरचीं तोंडें पाहून बोलतों आहों. तेवढें तरी कळतें.

एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. यमगर्णीच्या त्या गृहस्थांकडे आम्ही बोट दाखवीत नाहीं. त्यांनीं शोधलें, मनापासून शोधलें, आणि त्यांच्या जागीं कोणीहि असता तरी घरीं आला असता. म्हातारीचा प्रश्न त्यांना नव्हताच. तो कोणाला होता, तें आम्हांला दोन ठिकाणीं कळलें. एक त्याच रात्रीं अंथरुणावर, आणि दुसरें सकाळीं चहाच्या वेळीं.

आधीं रात्रीचें. महाप्रस्थानिक पर्व आम्ही पाठशाळेंत शिकलों, त्याला पन्नास वर्षें होत आलीं. पांच पांडव, द्रौपदी आणि सातवा कुत्रा. वाटेंत द्रौपदी पडली, एकेक भाऊ पडला, युधिष्ठिरानें मागें वळून पाहिलें नाहीं. आणि पुढें इंद्राचा रथ आला तेव्हां हा कुत्र्यासाठीं अडून बसला. इंद्रानें त्याला वर्मावरच बोट ठेवून विचारलें कीं भावांना सोडलेंस, बायकोला सोडलेंस, मग याच्यासाठीं हट्ट कां? त्यावर धर्मराजाचें उत्तर असें कीं, ते मेले होते. मेलेल्यांना उठविणें माझ्या हातीं नव्हतें, म्हणून मीं त्यांना सोडलें. जिवंत असतांना एकालाहि सोडलें नाहीं. हा कुत्रा जिवंत आहे.

हें उत्तर आम्हीं शेंकडों वेळां सांगितलें असेल, पण त्यांतली मेख त्या रात्रीं हातीं लागली. मेलेला कोण आणि जिवंत कोण, हें युधिष्ठिराला डोळ्यांनीं दिसत होतें. हरवलेल्याचें तसें नसतें. तो जिवंत कीं मेला, हें आपल्याला ठाऊक नसतें. आणि ज्या दिवशीं आपण शोधणें थांबवितों, त्या दिवशीं आपण त्याला आपल्यापुरतें मेलेल्यांत धरतों. वरून मात्र म्हणतों, 'कोणाबरोबर गेला असेल, चांगल्या घरीं असेल.'

हें वाक्य आमचेंच होतें. आतां आमची गोष्ट ऐका.

आमचें घर मूर्तिजापूर तालुक्यांत, महामार्गाच्या दक्षिणेस. दोन पावसाळ्यांमागें आमच्या नातवानें नालींतून एक तांबडें पिल्लू उचलून आणलें. मागचा पाय मोडलेला. गुरांच्या डॉक्टरांनीं तो बांधून दिला. जगलें, पण पाय आंखूड राहिला. नांव मोत्या. आम्ही जुन्या वळणाचे, सोंवळ्या-ओंवळ्यांतले. त्याला ओट्याच्या वर परवानगी नव्हती. त्यालाहि तें कळत असे. आम्ही पोथी वाचीत असलों कीं तो पायरीवर हनुवटी टेंकून बसे, वर येत नसे.

२०२५ च्या दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं गल्लींत फटाक्यांची माळ लागली. मोत्या भेदरून घरांत शिरला तो थेट देवघराच्या उंबऱ्याशीं. पूजा मांडलेली, आम्ही सोंवळ्यांत. त्यानें उंबऱ्याला नखें लावलीं, इतकेंच. नैवेद्याला तोंड लावलें नाहीं, त्याकडे पाहिलेंहि नाहीं. आम्हीं पळीनें त्याला मारलें आणि बाहेर काढून दार लावलें. सूनबाईनें तें पाहिलें. पोरगा अंगणांत होता. मोत्या पळाला तो पुन्हां दिसला नाहीं.

महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाचें सत्र चाललें असतां सरमेचें पिल्लू तेथें येतें, आणि राजाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. पिल्लानें हवि चाटलेला नसतो, त्याकडे पाहिलेलें नसतें. सरमा येऊन विचारते, अपराध काय? उत्तर कोणाजवळच नसतें. मग ती म्हणते, निरपराध्याला मारलें, तर न दिसणारें भय तुमच्यावर येईल. हें आख्यान शिष्यांना अर्थासह सांगणारा माणूस, आणि हातांत पळी! ज्या ग्रंथाच्या शेवटीं एक राजा कुत्र्यासाठीं स्वर्ग नाकारतो, त्याच्या आरंभींच हें पिल्लू रडत आईकडे गेलें आहे.

नातू तेव्हां चौदा वर्षांचा. त्यानें सायकलवर वीस-पंचवीस दिवस आसपासचीं गांवें पालथीं घातलीं. शाळा बुडाली. शेवटीं आम्हीं त्याला जवळ बसवून म्हटलें, "बाळ, पुरे आतां. कोणीतरी नेला असेल, चांगल्या घरीं असेल." तो म्हणाला, "आबाजी, थो मले सोडून नाई जात." आम्हीं त्याला वैराग्याच्या चार गोष्टी सांगितल्या. तो गप्प बसला, आम्हीहि निश्चिंत झालों. आमच्या वैराग्याला दुसरें एक कारण होतें, तें तुमच्या ध्यानांत आलेंच असेल.

आतां सकाळचें. यजमानांकडे चहा घेत असतां त्यांनीं त्या म्हातारीची हकीकत सांगितली. करोनामुळें दोन वर्षें पायीं वारी झाली नाहीं; २०२२ सालीं ती पुन्हां निघाली तेव्हां पंढरपुरास लोटलेली गर्दी आपण जाणतांच. त्या गर्दींत हिचा धाकटा मुलगा हात सुटून हरवला. बावीस-तेवीस वर्षांचा, बुद्धीनें भोळा, स्वतःचें नांव सांगे पण गांवाचें सांगतां येत नसे. चौकींत लिहून दिलें, कर्ण्यावरून पुकारा झाला, ती चार दिवस वाळवंटांत फिरली. पांचव्या दिवशीं दिंडीचा ट्रक परत निघाला. सगळे म्हणाले, चल माय, येईल थो आपल्या पायानं. ती ट्रकमध्यें बसली.

आणि आम्हीं तिला भर कीर्तनांत टाळ्यांचें उत्तर दिलें होतें.

घरीं येऊन आधीं नातवाला पळीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मले ठाऊक होतं आबाजी. आईनं सांगतलं थ्याच दिशी." मग दोघे निघालों. शोध कसा करावा, हें पोरगा आमच्यापेक्षां जाणून होता, म्हणून इथें सांगून ठेवतों. कोणाच्या उपयोगीं पडेल. आवाजानें भ्यालेला कुत्रा पुष्कळदां धन्याच्या हांकेलाहि ओ देत नाहीं, दिवसा दडून बसतो. म्हणून पहांटे आणि दिवेलागणीला जावें. वर्दळींत ओरडत फिरूं नये. दूधवाले, टपरीवाले, झाडूवाले, रात्रीचे राखणदार यांना विचारावें, कारण गांव जागें नसतें तेव्हां हेच जागे असतात. आपलें वापरलेलें पांघरूण हरवल्या जागीं ठेवावें. दिसलाच तर मागें धांवूं नये, खालीं बसावें.

अमरावती-अकोला महामार्ग आपल्यापैकीं बहुतेकांच्या रोजच्या पायाखालचा. २०२२ च्या जूनमध्यें त्याचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून झाला आणि जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. तेव्हां आम्हांलाहि अभिमान वाटला होता. त्या डिसेंबरांत त्याच रस्त्याच्या कडेनें पोराबरोबर चालतांना आम्ही प्रत्येक चिरडलेल्या जनावराजवळ थांबून वांकून पाहत होतों, पाय आंखूड आहे का म्हणून. किती थांबलों, तें मोजलें नाहीं.

आठव्या दिवशीं एका टपरीवाल्यानें दर्यापूरच्या रस्त्याला एका जिनिंगचें नांव घेतलें. कपाशीचा हंगाम, गाड्यांची रांग लागलेली. हमाल म्हणाले, एक लंगडा तांबडा कुत्रा सरकीच्या ढिगामागें असतो, भाकर टाकली तर खातो, हात लावूं देत नाहीं. आम्ही एकटेच पुढें गेलों. तोच होता. हाडें निघालेलीं, कानाला जखम. आम्हीं हांक मारली, "मोत्या!" त्यानें पाहिलें, ओळखलें, आणि तो मागें सरकला. आम्ही धुळींत बसलों. धोतर, उपरणें सरकीच्या तेलकट भुग्यानें माखलें. तासभर बसलों. आमच्याजवळ तो आला नाहीं.

मग पोरगा आला. कांहीं बोलला नाहीं, नुसता आमच्या शेजारीं येऊन टेंकला. कुत्र्यानें आधीं वास घेतला, मग सबंध अंग थरथरूं लागलें, आणि मग जो आवाज त्याच्या गळ्यांतून निघाला तो आम्हांला लिहितां येत नाहीं. हमालांनीं पाठीवरच्या गांठी खालीं ठेवल्या. त्या दिवशीं त्याला जाऊन ६२ दिवस झाले होते.

मोत्या आतां देवघराच्या उंबऱ्याशीं निजतो. पाठशाळेंतले आमचे कांहीं जुने सोबती यावरून बोलतात. बोलोत.

माघांत आम्ही मुद्दाम त्या म्हातारीकडे गेलों. ती दारांत तूर निवडीत होती. कीर्तनांत हसलों त्याची क्षमा मागितली, तर ती म्हणाली, "लोकं हासतेतच बुवा, तुमचं काय थ्यात." कुत्रा सांपडल्याचें सांगितलें. तिनें विचारलें, कोठें, कसा होता, काय खाई. मग म्हणाली, "किती दिसानं भेटला?"

"बासष्ट."

तिनें सूप बाजूला ठेवलें. "माह्याले तेराशेच्या वर झाले." जरा थांबून म्हणाली, "औंदा मले संगं न्या. पन गाडी वापस निंगाली तं मले चल म्हनू नका."

येत्या आषाढीच्या दिंडींत तिचें नांव घातलें आहे. मुलाचा फोटो ओळखीच्या विणेकऱ्यांना आणि पंढरपुरांतल्या धर्मशाळांना दिला आहे. परतीच्या गाडींत तिच्यासाठीं आणि आमच्यासाठीं जागा धरूं नका, असें गाडीवाल्याला आतांच सांगून ठेवलें आहे.