निमंत्रणपत्रिकेवरील नावे आणि खुर्च्यांतील माणसे

पुण्यात एखाद्या जाहीर व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका हाती आली, की जाणता पुणेकर विषयाआधी स्थळ पाहतो. आणि एकदा स्थळ कळले की वक्ता काय बोलणार, समोर कोण बसलेले असणार आणि टाळ्या कोणत्या वाक्याला पडणार, याचा बराचसा अदमास त्याला घरबसल्या येतो. समाजवाद्यांचे नवी पेठेतले एस. एम. जोशी सभागृह आणि संघाची शनिवार पेठेतली मोतीबाग यांच्यामधले अंतर एखाद्या म्हाताऱ्या माणसानेही रमतगमत सहज चालून जावे इतके. पण एका ठिकाणचा नित्याचा श्रोता दुसऱ्या ठिकाणी केवळ ऐकण्यासाठी गेला, असे उदाहरण काढायचे झाले तर बरीच शोधाशोध करावी लागेल. राजकीय चर्चेचा आपल्या शहरांत तोटा नाही. व्याख्यानमाला आहेत, परिसंवाद आहेत, स्मृतिदिन आणि जयंत्या तर वर्षाच्या दिवसांना पुरून उरतील इतक्या आहेत. तोटा आहे तो एवढाच, की ज्याचे मत आपल्याला मुळीच मान्य नाही अशा माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर दोन तास बसण्याचा प्रसंग या सगळ्या सोहळ्यांत सहसा कोणावर येत नाही.

या उणिवेवर अलीकडे ‘सर्वपक्षीय परिसंवाद’ हा उतारा निघाला आहे. व्यासपीठावर चार पक्षांचे चार प्रवक्ते, मध्ये एक संपादक किंवा निवृत्त न्यायाधीश आणि मागे फलकावर पुरस्कर्त्यांची नामावली, हा त्याचा ठरीव थाट. दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ होते, प्रत्येक पाहुण्याचा परिचय त्याच्या भाषणाइतकाच लांबतो. ‘श्रोत्यांनी आपले प्रश्न लेखी द्यावेत’ अशी सूचना होते, स्वयंसेवक रांगांतून फिरून चिठ्ठ्या गोळा करतात आणि त्या सूत्रसंचालकाच्या टेबलावर पेल्याखाली दाबून ठेवल्या जातात. त्यांतल्या दोन निरुपद्रवी चिठ्ठ्या वाचून झाल्या, की अध्यक्षीय समारोप सुरू होतो आणि आभारप्रदर्शन करणारे गृहस्थ वेळेअभावी उरलेले प्रश्न घेता आले नाहीत याबद्दल दिलगिरी व्यक्त करतात. प्रत्येक प्रवक्त्याबरोबर त्याची माणसे आलेली असतात आणि आपल्या माणसाचे बोलून झाले की त्यांतली निम्मी उठून जातात. अशा कार्यक्रमाला मतभिन्नतेचे संमेलन म्हणण्याचा प्रघात आहे. माझ्या मते ती मतभिन्नतेची आरास होय. व्यासपीठावर विविधता मांडणे स्वस्त असते. ती खुर्च्यांवर आणणे आणि तिच्या तोंडून प्रश्न वदवून घेणे महाग पडते. एखाद्या शहरातील राजकीय चर्चेची परीक्षा करायची तर ती या दुसऱ्या खर्चावरून केली पाहिजे.

हा खर्च आपल्या पूर्वजांनी केलेला आहे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जे वाद झाले, त्यांना प्रवेशपत्रिका नव्हती, अध्यक्षीय समारोप नव्हता आणि श्रोत्यांची निवड करण्याची सोयही नव्हती. फिरावयास आलेला कोणीही घोळक्यात येऊन उभा राहावा, अशी ती जागाच होती. या वादांचा इंग्रजी वृत्तान्त प्रतिपक्षाने, म्हणजे अमेरिकन मिशनचे जॉर्ज बोवेन यांनी, त्याच वर्षी छापून काढला. विषय धर्माचा होता हे खरे. पण याच विष्णुबुवांनी १८६७ मध्ये ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून, जमिनीचे उत्पन्न सर्वांनी मिळून काढावे आणि ते सर्वांचे असावे, असा विचार मांडला. वाळूत उभे राहून परक्याच्या प्रश्नाला तोंड देण्याची सवय झालेल्या माणसाने पुढे राज्यव्यवस्थेविषयीही मूलगामी प्रश्न विचारावेत, यात मला तरी नवल वाटत नाही.

पुण्याची रीत निराळी, अधिक कागदोपत्री. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने आपल्या सभासदावर अशी अट घातली होती, की त्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आजच्या ‘विचारमंचां’नी ही अट एकदा शांतपणे वाचावी. तुम्ही येथे कोणाच्या वतीने बोलता, हा प्रश्न सभेने दारातच विचारून ठेवला होता, आणि त्याचे उत्तर सहीनिशी दप्तरी दाखल होत होते. त्या पन्नासांत कोणाच्या सह्या असत आणि कोणाच्या कधीच नसत, हा प्रश्न अर्थात उरतोच. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. २१ एप्रिल ते २० मे हा तिचा महिना पुणेकरांच्या पंचांगात एखाद्या व्रतासारखा जाऊन बसला आहे. परंतु या सभागृहांत जे जमत, त्यांच्यात मतभेद कितीही तीव्र असले तरी त्यांची घरे, शाळा आणि जेवणाच्या पंगती बहुतांशी एकच होत्या. भांडण होते, पण ते भाऊबंदांतले होते. आणि भाऊबंदकी परक्यांच्या वैरापेक्षा विखारी असते, याचा दाखला संमतिवयाच्या विधेयकावरून उधळल्या गेलेल्या सभांनी आणि १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषदेच्या मंडपावरून माजलेल्या रणाने दिला. त्याच सुमारास सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली आणि १८९६ मध्ये रानड्यांनी डेक्कन सभा काढली. मतभेद विकोपाला गेले म्हणजे नवे सभागृह काढायचे, ही पुण्याची वहिवाट तेव्हापासूनची.

जे भाऊबंदांत मोडत नव्हते त्यांचे काय? १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. तिचे निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांना धाडले आणि फुल्यांनी ते पत्र लिहून नाकारले. जे लोक माणसाचे हक्क खुशीने आणि उघडपणे द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. निमंत्रण देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण सभागृह कोणाचे, विषयपत्रिका कोणी ठरविली आणि पाहुणा उठून गेल्यावर ठराव कोण लिहिणार, हे प्रश्न हेतूच्या शुद्धतेने सुटत नसतात. ‘सगळ्यांना बोलावले होते, आले नाहीत त्याला आम्ही काय करणार’ असे म्हणून हात झटकणाऱ्या आजच्या संयोजकाने फुल्यांचे ते पत्र आपल्या कार्यालयात लावून ठेवण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर १८ जानेवारी १९४३ ची सभा पाहिली म्हणजे तिचे मोल कळते. रानड्यांची १०१ वी जयंती होती. त्यांनीच काढलेल्या डेक्कन सभेने पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात भाषणासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावले होते. आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. गांधीजी त्याच शहरात, आगाखान पॅलेसमध्ये, ऑगस्ट १९४२ पासून स्थानबद्ध होते. देशभर अटकसत्र चालले होते. आपली मते श्रोत्यांना, किंबहुना खुद्द डेक्कन सभेच्या मंडळींनाही, फारशी रुचणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे निमंत्रण स्वीकारताना आपण मागेपुढे पाहत होतो, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. मागेपुढे पाहिले, पण गेले, आणि गेल्यावर मनात होते ते बोलले. थोर पुरुष कोणाला म्हणावे येथपासून त्यांनी सुरुवात केली. रानड्यांना त्या कसोटीवर घासून पाहिले. त्यांची तुलना गांधी आणि जिना यांच्याशी केली आणि त्या दोघांच्या अहंतेने देशाचे राजकारण कसे अडवून धरले आहे, ते भीडमुर्वत न ठेवता सांगितले. विभूतिपूजेवर आणि वर्तमानपत्रांच्या धंद्यावर कोरडे ओढले. एवढ्यावर थांबते तर यजमानांना सुखाने टाळ्या वाजविता आल्या असत्या, कारण गांधीजींच्या मार्गाविषयी नेमस्तांचेही समाधान नव्हते. पण रानड्यांचा वारसा सांगणाऱ्या त्या नेमस्तांनाही त्यांनी सोडले नाही. संघटना बांधायची नाही आणि लोकांपर्यंत जायचे नाही, अशा पक्षाची गत काय होते, ते त्यांनी यजमानांना त्यांच्याच घरात बसून ऐकविले. भाषणावर काँग्रेसच्या वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली, तेव्हा त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले आणि प्रस्तावनेत टीकाकारांचा समाचार घेतला.

या प्रसंगात मला आंबेडकरांच्या धैर्याइतकेच डेक्कन सभेच्या त्या कार्यकारिणीचे कौतुक वाटते. वक्ता चार वर्षांपूर्वी, २९ जानेवारी १९३९ रोजी, काळे स्मारक व्याख्यानासाठी पुण्यात बोलून गेला होता. तो गुळमुळीत बोलणाऱ्यांतला नाही हे कोणापासून लपलेले नव्हते. तरीही जयंतीच्या दिवशी, जेव्हा गोड बोलण्याचा शिरस्ता असतो, त्यालाच बोलावले. पाहुण्याकडून स्वतःचे दोष ऐकून घेण्याची तयारी ठेवून धाडलेले निमंत्रण हेच खरे निमंत्रण. बाकीच्या पत्रिका म्हणजे लग्नाच्या अक्षता.

सभागृहाची ही गोष्ट सांगताना मैदानाला विसरून चालणार नाही, कारण मुंबईचे राजकीय शिक्षण सभागृहांपेक्षा गिरगाव चौपाटीवर, परळच्या कामगार मैदानावर आणि शिवाजी पार्कात अधिक झाले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठावर डांगे, एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे एकत्र दिसत. एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभे न राहणारे कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्षाचे आणि दलित फेडरेशनचे कार्यकर्ते एका मागणीसाठी एका मंडपाखाली आले आणि गर्दीत गिरणीकामगाराच्या खांद्याला कारकुनाचा खांदा लागला. प्रेक्षागार म्हणून मैदान सभागृहाहून कितीतरी उदार. परंतु लाखाच्या सभेत प्रश्न विचारता येत नाही; तेथे एक बोलतो आणि बाकीचे हुंकार देतात. सभागृहात प्रश्न होता पण माणसे एकाच थरातली. मैदानात सर्व थरांतली माणसे होती पण प्रश्न नव्हता. दोहोंचा मेळ १८५७ च्या त्या किनाऱ्यावर जेवढा बसला, तेवढा नंतर क्वचितच बसला असावा. आता मैदानेही आखडली आहेत: शिवाजी पार्क २०१० मध्ये शांतताक्षेत्र ठरले, ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो, आणि पोलीस ठाण्याचा परवाना काढता काढता लहान संघटनेच्या चिटणीसाची कंबर मोडते. नियम वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. तान्ही मुले आणि आजारी माणसेही शहरातच राहतात.

तेव्हा भार पुन्हा सभागृहांवर आणि ती चालविणाऱ्या संस्थांवर येतो. त्यांच्या अडचणी मी जाणतो. भाडे वाढले आहे, देणगीदार नाजूक मनाचे आहेत, आणि आवडीच्या वक्त्याला गर्दी होते तशी नावडत्याला होत नाही. झालीच तर ती घोषणा द्यायला येते, अशी धास्ती असते. ही धास्ती खोटी नाही, पण तिच्यावर तोडगा अगदीच नाही असेही नाही. तो संस्थेच्या कारभारातच शोधला पाहिजे: वक्ता ठरविणाऱ्या समितीवर वेगळ्या वस्तीतला, वेगळ्या मताचा एक तरी माणूस हवा; विषयपत्रिका पाहुण्याला विचारून ठरविली पाहिजे; आणि परिचय व आभार यांना कात्री लावून वाचलेला वेळ श्रोत्यांच्या हवाली केला पाहिजे.

या वर्षीच्या वसंतातील व्याख्यानांच्या याद्या संयोजक लवकरच करावयास बसतील. त्यांना माझी विनंती एवढीच: यादीत एक नाव असे घाला की जे वाचून तुमचा सर्वांत जुना वर्गणीदार तक्रारीचे पत्र लिहील; त्या वक्त्याच्या बाजूच्या माणसांना पुढच्या रांगांत बसवा; आणि शेवटचा पाऊण तास चिठ्ठ्यांना फाटा देऊन ध्वनिक्षेपक सरळ श्रोत्यांच्या हाती द्या.