जुन्या हाडांची भीती

चेन्नईत जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, म्हणजे तिथल्या भाषेत ओएमआरवर, आयटी कंपन्यांत नोकरी करणारी मराठी मंडळी एकत्र जमली की कुणाचं पीआर, म्हणजे परदेशातल्या कायम वास्तव्याचा अर्ज, कुठवर आलं हा विषय निघतोच. कागदपत्रांची चिंता फारशी कुणाला नसते. पदवीची प्रमाणपत्रं मिळतात, इंग्रजीची परीक्षा पुन्हा देता येते, बँकेतली शिल्लक दाखवता येते. खरी धाकधूक मेडिकलची असते, कारण शरीर दुरुस्त करून पुन्हा सादर करता येत नाही. कॉलेजात असताना बाइकवरून पडल्यामुळे मांडीत रॉड बसलेला असतो, कुणाच्या कॉलरबोनला प्लेट असते, कुणाच्या डोक्याला मार लागून टाके पडलेले असतात. डिस्चार्ज कार्ड घर बदलताना हरवलेलं असतं. मग प्रश्न पडतो : सांगायचं का? की विचारलं तरच सांगायचं?

हा प्रश्न पडावा असं परदेशांच्या कायद्यात फारसं काही नाही. तो आपल्याकडच्या भरतीतून आला आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर हवी आणि फुगवल्यावर ती निदान ५ सेंटीमीटर वाढायला हवी. सैन्यभरतीत तळवे सपाट निघाले किंवा उभं राहिल्यावर गुडघ्याला गुडघा लागला की पोरगा बाहेर. पहाटे मैदानावर धावून आलेल्या मुलाला डॉक्टर एका नजरेत घरी पाठवतो, हे गावोगावी पाहिलेलं आहे. लग्नाच्या बाजारात तर याहून कडक तपासणी. मुलीच्या पोटावरच्या ऑपरेशनची खूण बैठकीत निघू नये म्हणून अख्खं घर जपतं. शरीरावरचा प्रत्येक व्रण म्हणजे एक गुण कमी, हे आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत. तोच हिशेब घेऊन आपण व्हिसाच्या डॉक्टरसमोर उभे राहतो.

पण भरती आणि स्थलांतराची तपासणी या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. भरतीला हजारांतून चांगले शंभर निवडायचे असतात, म्हणून तिथे थोडं उणंही महागात पडतं. स्थलांतराची तपासणी ही चाळण आहे. ठरावीक मापापेक्षा मोठे खडे तिला अडवायचे असतात, उरलेल्या दाण्यांत सरस कोण हे ती बघत नाही. अमेरिकेच्या कायद्यात वैद्यकीय कारणावरून प्रवेश नाकारण्याचे चार मार्ग आहेत : समाजाला धोका ठरणारा संसर्गजन्य रोग, ठरलेल्या लसी न घेणं, स्वतःला किंवा इतरांना इजा होईल असं वर्तन ज्याच्याशी जोडलेलं आहे असा मानसिक वा शारीरिक विकार, आणि अमली पदार्थांचं व्यसन. यात बसलं की 'ए' वर्ग. बाकीचे गंभीर किंवा कायमचे आजार आणि अपंगत्व 'बी' वर्गात नोंदवले जातात. त्या नोंदीने व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. जुळून आलेलं, नीट चालता येणारं हाड बहुधा 'बी' वर्गापर्यंतही जात नाही.

ही यादीही एका जागी थांबलेली नाही. १९८७ साली एचआयव्ही तिच्यात आला आणि जानेवारी २०१० मध्ये काढला गेला. त्याआधी ती आजच्याहून कितीतरी लांब होती, आणि आपल्या मनातल्या भीतीला त्या जुन्या यादीत खरा आधार सापडतो. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९२ पासून उतरणाऱ्या माणसांकडे डॉक्टर जिन्याजवळ उभे राहून बघत. कोण धापा टाकतो, कोण पाय ओढतो, हे टिपून ते त्याच्या कोटावर खडूने अक्षर काढत. हृदयाची शंका असेल तर एच, पाठीची असेल तर बी, लंगडत असेल तर एल. १९०७ च्या कायद्याने तर कमाईच्या क्षमतेवर परिणाम करील असं शारीरिक व्यंग हे प्रवेश नाकारण्याचं कारणच ठरवलं. मोडलेलं आणि वाकडं जुळलेलं हाड तेव्हा खरोखरच माणसाला परत पाठवू शकत होतं. तो कायदा आज नाही, तशी धास्ती मात्र आहे.

मद्रासचं बंदरही या बाबतीत मागे नव्हतं. १८६० च्या ऑक्टोबरमध्ये इथून 'ट्रुरो' जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन निघालं आणि १६ नोव्हेंबरला नाताळ वसाहतीतल्या डर्बनला पोहोचलं. अशा जहाजांच्या नोंदवह्यांत नाव, वडिलांचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव यांच्यासोबत शरीरावरच्या खुणांचाही रकाना असे. व्रण ही तिथे ओळख होती. तमिळनाडूतल्या शाळांच्या दाखल्यावर आजही ओळखीच्या खुणा लिहितात, तशीच. माणूस पळाला तर पकडता यावा, मेला तर कोण मेला ते कळावं, एवढाच तिचा उपयोग. मळ्यावर राबायला अंग चालतं की नाही हे डेपोतल्या डॉक्टरने आधीच पाहिलेलं असे. म्हणजे ती तपासणी नुसती चाळण नव्हती, तीही भरतीच होती. हा फरक पुढे लागणार आहे.

आता चेन्नईतल्या एखाद्या पॅनेल डॉक्टरच्या दवाखान्यात काय घडतं ते पाहू. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आपापले डॉक्टर नेमून देतात, तपासणी त्यांच्याकडेच करावी लागते. वजन, उंची, रक्त, लघवी झाली की छातीचा एक्स-रे. गळ्यातली साखळी काढायची, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास भरून रोखायचा. फिल्म फुफ्फुसासाठी घेतलेली असली तरी तिच्यात बाकीचंही उमटतं. कधीकाळी तडकून जुळलेली बरगडी किंचित जाड दिसते, कॉलरबोनवरची प्लेट स्क्रूंसकट पांढरी शुभ्र चमकते. ज्याची ती असते त्याचा जीव तिच्यातच अडकलेला. रेडिओलॉजिस्ट मात्र तिची एका ओळीत नोंद करतो आणि नजर फुफ्फुसाच्या वरच्या टोकाकडे नेतो. क्षयाची खूण बहुधा तिथे सापडते, आणि त्याला हवी असते ती तीच.

योगायोग असा की, क्षयाबद्दल जगाचं मत बदलण्याचं काम याच शहरात झालं. १९५६ साली मद्रासच्या चेटपेट भागात क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचा तो संयुक्त प्रकल्प होता. तिथे १९३ रुग्णांचे दोन गट केले : एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन घरी पाठवलं. घरच्यांना जेवण बेताचं, घर दाटीचं, विश्रांती कमी. तरीही वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरातल्या इतरांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. १९५९ साली हे निष्कर्ष छापून आल्यावर जगभरच्या सॅनेटोरियमांचे दिवस भरले. 'औषध घे, बरा हो, आणि मग ये' असं आज अमेरिकेला म्हणता येतं, त्यामागे हे काम आहे. एक्स-रे संशयास्पद निघाला तर थुंकीचे तीन नमुने घेतात, कल्चरला साधारण दोन महिने लागतात, रोग निघाला तर उपचार पूर्ण करून माणूस जाऊ शकतो. दार उशिरा उघडतं, पण उघडतं.

मग जुन्या दुखापतीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. हाड कसं मोडलं यापेक्षा ते का मोडलं, यात डॉक्टरला जास्त रस असतो. रस्त्यावर वाळू होती म्हणून गाडी घसरली, तर विषय संपला. दारू पिऊन चालवत होतो आणि पोलीस केस झाली, तर अमेरिकेच्या तपासणीत तो मद्यविकाराचा आणि घातक वर्तनाचा प्रश्न होतो. मनगटावरचे जुने आडवे व्रणही याच कारणाने विचारले जातात. तिथेही व्रण हा निकाल नसतो. तसं पुन्हा घडण्याची शक्यता किती, हे ठरवलं जातं. थोडक्यात, आपण मागचा हिशेब घेऊन बसलेलो असतो आणि समोरचा पुढचं विचारत असतो.

भरतीची सवय सर्वांत जास्त नुकसान करते ती इथे. भरतीत लपवलेलं खपलं तर फायदाच असतो. व्हिसाच्या कामात महत्त्वाची बाब जाणूनबुजून लपवली, तर कॅनडात पाच वर्षांची, ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षांची आणि अमेरिकेत आयुष्यभराची बंदी येऊ शकते. रॉडने जे बिघडणार नव्हतं ते मौनाने बिघडतं. जुन्या डॉक्टरकडून दोन ओळींचं पत्र आणावं, आता कुठलं औषध चालू नाही हे त्यात लिहून घ्यावं, आणि सगळं फॉर्मवर सरळ मांडावं, हा शहाणपणा फार साधा आहे.

तरी सगळी भीती मनाचे खेळ म्हणून झटकता येणार नाही. पैशाचा प्रश्न उरतो. सरकारवर भार होईल अशा माणसाला घेऊ नये, ही कल्पना अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्यापासून चालत आली आहे, आणि तिच्या हिशेबात वय, शिक्षण, मिळकत यांच्याबरोबर प्रकृतीही धरली जाते. ऑस्ट्रेलिया तुमच्या उपचारांचा अंदाजी खर्च मांडते आणि तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर व्हिसा नाकारू शकते. जुलै २०२४ पासून ती मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. २००८ साली व्हिक्टोरियातल्या हॉर्शम गावात काम करणाऱ्या एका जर्मन डॉक्टरला कायम वास्तव्य नाकारलं गेलं, कारण त्याच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. गावाला डॉक्टर हवा होता, हिशेबाला मुलगा नको होता. ओरड झाल्यावर मंत्र्याने निर्णय फिरवला. कॅनडाने २०१८ मध्ये आपली मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षणाचा खर्च त्यातून वगळला. मणक्याला कायमची इजा झालेल्या, आयुष्यभर उपचार लागणाऱ्या माणसाची काळजी म्हणूनच अनाठायी नाही. त्याच्या दुखापतीला देशाने किंमत लावलेली असते.

आणि खरी भरती अजून चालू आहेच, ती ओएमआरवरच्या लोकांना दिसत नाही इतकंच. आखाती देशांत निघालेल्या गवंड्याला, ड्रायव्हरला, घरकाम करणाऱ्या बाईला त्या देशांनी नेमलेल्या केंद्रात मेडिकल करावं लागतं. अशी केंद्रं चेन्नईतही आहेत. तिथे निकाल दोनच : फिट किंवा अनफिट. क्षय पूर्ण बरा झालेला असला तरी फुफ्फुसावर त्याचा जुना डाग दिसणं एवढं अनफिट ठरायला पुरतं. थुंकीत काही नाही, माणूस रोज सिमेंटची पोती उचलतो, याचा तिथे उपयोग नाही. फी त्याची गेली, एजंटला दिलेले पैसे अडकले, व्याज चालू राहिलं. इंजिनियर मांडीतला रॉड घेऊन टोरांटोला जातो, आणि चेटपेटमध्ये सिद्ध झालेल्या उपचारांनी बरा झालेला गवंडी त्याच शहरातून परत गावी जातो.

म्हणून ज्याला चार कागद आणि एक सरळ उत्तर पुरतं, त्याने रॉडची भीती आता सोडून द्यावी. जिला खरं कारण आहे ती भीती दुसऱ्याची आहे. तिच्यासाठी आपल्या सरकारने आखाती देशांकडे मागण्यासारखं थोडंच आहे : अनफिट का, ते लेखी द्या, जुन्या डागाचा निकाल फिल्मवर न लावता थुंकी तपासून लावा, आणि बरा झालेल्या माणसाला बरा म्हणा.