नऊशे ग्रॅमचा किलो

ऑनलाइन धंदा सुरू करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. फोन, बँक खातं, थोडा माल, कुरिअरवाल्याशी एकदा बोलणं झालं की जानेफळसारख्या गावातूनही डाळ पुण्याला जाते. अवघड प्रश्न नंतर येतो. धंदा चाललेला असतो, बंद पडत नाही, पण वाढतही नाही. मग आहे त्याच धंद्यातून जास्त नफा कसा काढायचा?

मी मेहकर तालुक्यातल्या या गावातून तूर डाळ विकतो, त्यामुळे हा प्रश्न मला रोजचा आहे. त्यावर सल्ले भरपूर मिळतात. सगळे 'युक्ती' या एकाच नावाने मिळतात, पण ते एका जातीचे नसतात.

एक युक्ती अशी. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर गिऱ्हाईकाने दारातच नाकारली तर जाण्याचं भाडं फुकट जातं, आणि बरेचदा परत येण्याचंही आपल्याच माथी बसतं. म्हणून माल पाठवण्याआधी एक फोन करून खात्री करून घ्यायची. समजा शंभरातल्या दहा ऑर्डरी परत येत होत्या, त्या चारवर आल्या. वाचलेलं भाडं हा नफा. यात कुणाच्या खिशातून काही गेलं नाही, वाया जाणारं थांबलं.

दुसरी युक्ती अशी. पानावर उलटं चालणारं घड्याळ लावायचं: 'ऑफर संपायला ९ मिनिटं'. नऊ मिनिटांनी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. किंवा घरात पोती पडलेली असताना लिहायचं: 'फक्त ३ पाकिटं शिल्लक'. विक्री यानेही वाढते. पण ती वाढ गिऱ्हाईकाच्या घाबरण्यातून आलेली असते.

या दुसऱ्या जातीच्या युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यांचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू टाकणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, शेवटच्या पानापर्यंत भाव थेंबाथेंबाने वाढवत नेणं, हे सगळं त्यात आहे. आधीच टिक केलेल्या चौकटीतून गिऱ्हाईकाची संमती गृहीत धरायला तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांतही मनाई आहे.

मग प्रश्न मिटला? यादीत आहे ते करायचं नाही, यादीत नाही ते करायचं? इतकं सोपं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. खरी अडचण वजनाची आहे.

कुरिअरचा दर साधारण अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतो. एक किलो डाळ खोक्यात घातली की वजन किलोच्या वर जातं आणि भाडं पुढच्या टप्प्याचं लागतं. पाकीट नऊशे ग्रॅमचं केलं तर खोक्यासकट किलोत बसतं. भाडं वाचतं आणि शंभर ग्रॅम डाळही वाचते. पाकिटावर '९०० ग्रॅम' छापलं की कायद्याने निव्वळ वजन सांगितलं. खोटं काहीच नाही. पण डाळ माणूस किलोने घेतो. फोनच्या पडद्यावर नऊशेचं आणि हजाराचं पाकीट सारखंच दिसतं. आपण खरं लिहिलेलं असतं, आणि समोरच्याने ते वाचू नये अशी मनात आशा असते.

मी यासाठी एक साधी कसोटी वापरतो. युक्ती गिऱ्हाईकाला मोठ्या अक्षरात सांगून टाकली तर ती चालेल का? 'ऑर्डर नक्की ना, म्हणून फोन केला,' असं सांगितल्याने काही बिघडत नाही. 'हे घड्याळ खोटं आहे' असं सांगितलं की घड्याळ मेलं. नऊशे ग्रॅमचं काय? नावातच लिहायचं: '९०० ग्रॅम, एक किलो नाही. भाडं वाचावं म्हणून.' असं लिहूनही घेणारा घेईल, तो सौदा चोख. सांगितल्यावर जितकी विक्री घटेल, तितकी विक्री आपली नव्हतीच.

यावर कुणी म्हणेल, शंभर ग्रॅम डाळीसाठी इतकं काय? पण शंभर ग्रॅम मिळवायचे दुसरे मार्गही आहेत. किलोचा भाव पंधरा रुपयांनी वाढवता येतो. हिशेब जवळपास तोच येतो. तरी भाव वाढवायला हात धजत नाही, कारण वाढलेला भाव दिसतो. तो पाहून माणूस ठरवतो, घ्यायचं की पुढे जायचं. लपवलेल्या युक्तीत आपण त्याच्या डाळीपेक्षा मोठी गोष्ट घेतो, त्याचं ठरवणं. भाव वाढवण्यात पाप नाही. आपल्याकडे 'मापात पाप' असा शब्द आहे, 'भावात पाप' असा नाही, तो उगाच नाही.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५च्या एका पुस्तकात दुकानदाराचं उदाहरण दिलंय. हा दुकानदार सगळ्यांना एकच भाव लावतो, लहान मूल आलं तरी त्याला फसवत नाही. पण कांट विचारतो, तो प्रामाणिक आहे म्हणून असं वागतो, की त्यात त्याचा फायदा आहे म्हणून?

गावातल्या दुकानात हा प्रश्न सहसा उघडा पडत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकत्रच चालतात. डाळ वाईट निघाली तर दुसऱ्या दिवशी माणूस दारात उभा असतो, "भाऊ, तुही डाय शिजली नाही." बाजाराच्या दिवशी ते चार जणांना कळतं. तिथे प्रामाणिक राहणं परवडतं, किंबहुना तसं न राहणं परवडत नाही.

ऑनलाइन हा आधार निघून जातो. डाळ घेणारी बाई ठाण्यात असते, ती मला पाहत नाही, मी तिला पाहत नाही. ती परत आली नाही तरी जाहिरातीला पैसे टाकले की तिच्या जागी दुसरी येते. देशभर गिऱ्हाईक आहे, सगळ्यांना एकेकदा फसवायलाही आयुष्य पुरणार नाही. म्हणजे कांटचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुटा होतो. फायदा एका बाजूला, प्रामाणिकपणा दुसऱ्या बाजूला. आता बोला.

विकणारा आणि घेणारा एकमेकांना दिसेनासे झाले की काय लागतं, हे वऱ्हाडाला नवीन नाही. इथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाऊ लागला तेव्हा १८८६ साली कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. त्यामागे मोठा हेतू गिरण्यांना चोख कापूस मिळावा हाच होता. पण ओळख संपते तिथे नियम लागतो, हे तेव्हाच दिसलं होतं. आजचे १३ प्रकार त्याच वाटेवरचे आहेत. मात्र नियम नेहमी युक्तीच्या मागून येतो. मधल्या काळात दुकानदाराचं मन एवढंच माप असतं.

या जागी बहुतेक लेख सांगतात, प्रामाणिक राहा, शेवटी फायदाच होतो. मला हे सांगवत नाही. कधी होतो, कधी होत नाही. खोटं घड्याळ लावणारा माझ्यापुढे जाऊ शकतो, आणि माझी विक्री घटली तर डाळ निवडायला येणाऱ्या बायकांची मजुरीही घटते. हे वजन खरं आहे, ते नाकारून नीतीच्या गप्पा मारता येत नाहीत. शिवाय फायद्यासाठीच प्रामाणिक राहायचं असेल, तर फायदा थांबेल त्या दिवशी तेही थांबेल.

म्हणून मी त्याला नफ्याच्या रकान्यात शोधत नाही. खोकी, चिकटपट्टी, भाडं, जाहिरात, तसाच हा एक खर्च आहे. तो धरूनच भाव काढायचा आणि तो भाव उघड लिहायचा. खर्च कमी करायच्या जागा मग इतरत्र शोधायच्या, आणि त्या असतात: परतीच्या ऑर्डरी, जड खोकी, न पाहता चालू ठेवलेल्या जाहिराती. त्या शोधायला कष्ट पडतात, घड्याळ लावायला पाच मिनिटं लागतात. नफा वाढवायची कोणतीही युक्ती फारच सोपी वाटली, तर तिचे पैसे कोण भरतंय ते आधी पाहावं.