दवाखान्याच्या दाराची कडी

दवाखान्याच्या दाराला कडी असावी की नसावी, असे कोणी विचारले तर आपण हसू. दवाखाना म्हणजे देऊळ नव्हे, की शेजारती झाली आणि दार लावून घेतले. बाळंतीण वेळ पाहून येत नाही आणि साप पंचांग पाहून डसत नाही. तेव्हा दार उघडेच हवे. पण त्याच दवाखान्यात एक कपाट असते आणि त्याला मात्र कुलूप असावे लागते, कारण त्यात गावाची दुखणी ठेवलेली असतात. एकाच छपराखाली एक दार सताड उघडे आणि एक कपाट घट्ट बंद, हा मेळ आजवर एखादी जाणती सिस्टर आपल्या कमरेच्या किल्लीने घालीत आली. आता कपाटाच्या जागी संगणक आला. आणि किल्ली कोणाच्या कमरेला लावायची, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे हल्ली सुचवले जाणारे उत्तर म्हणजे कृत्रिम बुद्धी. माझी विद्या मॅट्रिकपुरती. मी मुलांना शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. यंत्राच्या पोटात काय चालते ते इंजिनियरांनी सांगावे. परंतु पहारेकऱ्याला किती अधिकार द्यावा, हा प्रश्न काही यंत्राचा नव्हे, नीतीचा आहे. आणि त्यात बोलायला मॅट्रिकची आडकाठी नसावी.

शहरातले एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "अहो मास्तर, तुमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात कसली आली आहेत गुपिते? तिथे औषध पोचले तरी पुष्कळ!" हे बोलणे भल्या माणसाचे होते, म्हणूनच ते अधिक बोचले. गरिबाला गुपित नसते, हा समज फार जुना आहे. वरोऱ्याजवळचे आनंदवन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रोगाचे नाव फुटणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. एका नावासरशी माणूस घरातून उठत असे, गावातून उठत असे. आणि डॉक्टर राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांच्या स्त्रियांची जी तपासणी केली, तिची हकीकत घ्या. ती 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचली. साडेसहाशे स्त्रिया; त्यांतल्या शेकडा 92 जणींना स्त्रीरोगाची काही ना काही व्याधी; आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या फक्त शेकडा 8. जे दुखणे नवऱ्याला सांगितले नव्हते, जन्मदात्या आईजवळही बोलवले नव्हते, ते त्या बायांनी एका डॉक्टरणीला सांगितले. का सांगितले? हे बोलणे इथेच राहील, असा भरवसा वाटला म्हणून. तो भरवसा नसता तर हे ज्ञानच जगाला मिळाले नसते. तेव्हा गुपित राखणे हा श्रीमंती दवाखान्याचा शिष्टाचार नव्हे. वैद्यकाचा तो पायाच आहे.

आज आपल्या या दोन जिल्ह्यांत सिकलसेलची तपासणी होते. 2023 साली केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम काढली; तपासलेल्यांना कार्डे मिळतात, आणि लग्न जुळवण्यापूर्वी दोघांनी ती पडताळून पाहावीत, हा हेतू उत्तम आहे. पण मुलीने आपले कार्ड आपण होऊन दाखवणे वेगळे, आणि सोयरिकीच्या आधीच तिचा निकाल कोणा तिऱ्हाइताच्या हाती पडणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीत एका मुलीचा जन्म नासू शकतो.

आणि अशा गोष्टी हाती पडतात कशा? आपल्याला वाटते, कोणी महाबिलंदर चोर भिंत फोडून शिरत असेल. 2020 च्या सुरुवातीला 'ग्रीनबोन' नावाच्या एका जर्मन कंपनीचा अहवाल गाजला. भारतातल्या लक्षावधी रुग्णांची क्ष-किरणांची आणि स्कॅनची चित्रे, त्यांच्या नावागावासकट, जगात कोणीही उघडून पाहावीत अशी संगणकांवर पडली होती. आणि त्यात पहिला क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा होता. भिंत कोणी फोडलीच नव्हती. परवलीचा शब्दच घातलेला नव्हता! लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण दार उघडे ठेवतो ते लक्ष्मी यावी म्हणून. इथे दार उघडे राहिले ते कोणाच्या ध्यानात नव्हते म्हणून.

त्याच्या उलटा प्रकार दिल्लीच्या 'एम्स'मध्ये झाला. 23 नोव्हेंबर 2022 रोजी चोरांनी तिथले संगणक आतून कुलूपबंद करून टाकले. जवळजवळ दोन आठवडे देशातले ते थोर रुग्णालय कागद आणि पेनवर चालले. 2020 च्या सप्टेंबरात जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे असाच हल्ला झाला, तेव्हा एका अत्यवस्थ बाईला सुमारे तीस किलोमीटरांवरच्या दुसऱ्या गावी न्यावे लागले आणि ती दगावली. तिचा मृत्यू हल्ल्यामुळेच झाला असे तपासात सिद्ध झाले नाही. परंतु ते तीस किलोमीटर माझ्या मनातून जात नाहीत. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे ते अंतर किलोमीटरांत मोजताच येत नाही.

आता हा नवा पहारेकरी काय करतो ते सांगतो. तो चोराची तसबीर खिशात घेऊन फिरत नाही. तो घराची रीत शिकतो. सलाईनचे थेंब मोजणारा पंप रोज कोणत्या संगणकाशी बोलतो, किती बोलतो. नोंदी कोण उघडतो, कोणत्या वेळी उघडतो. हे सारे तो महिनोन्महिने पाहत राहतो. मग एखाद्या रात्री दोन वाजता तोच पंप कुठल्या अनोळखी पत्त्याशी कुजबुजू लागला की हा सावध होतो. मास्तरांना ही विद्या नवी नाही. रोज उशिरा येणारा मुलगा एके दिवशी घंटेच्या आधी वर्गात बसलेला दिसला, की आम्ही त्याचे दप्तर तपासतो. आणि ताडोब्याच्या रानातही तिचीच चलती आहे. वानर खाकरले, चितळ ओरडले, की गाडीतले पाहुणे कॅमेरे सरसावतात; गाईड मात्र सांबराच्या आवाजाची वाट पाहतो, कारण चितळ पान हलले तरी ओरडते. यंत्राचेही तसेच आहे. शंभर वेळा उगाच ओरडणाऱ्याचे एकशे एकाव्या वेळी कोण ऐकणार?

ओरडण्यापर्यंत ठीक आहे. ताडोब्याच्या काठावर सीतारामपेठेला वाघाची चाहूल घेणारे, अशाच बुद्धीचे कॅमेरे बसवले गेले. वाघ आला की ते खबर देतात, पुढचे माणसांनी पाहायचे. पण दवाखान्याच्या पहारेकऱ्याला आणखी एक अधिकार हवा असतो, दार लावून घेण्याचा. माझे मन अडते ते इथे. कल्पना करा, पुराच्या रात्री वऱ्हाडाची गाडी उलटली. एकाएकी तीस माणसे आली, सुटीवरच्या डॉक्टरांना बोलावले, अपरात्री धडाधड नोंदी उघडल्या, सगळे पंप एकदम चालू झाले. यंत्राने शिकलेल्या रीतीत ही रात्र कुठेच बसत नाही. ते म्हणणार, दरोडा! अहो, संकट म्हणजे मुळी रीत मोडणेच. जिथे रोज रीत मोडण्यासाठीच माणसे कामाला ठेवलेली असतात, तिथे रीत मोडली एवढ्यावरून कडी लावणारा पहारेकरी रोग्याचा वैरी ठरायचा.

"मग यंत्राने नुसते ओरडावे, कडी माणसाने लावावी," असे कोणी म्हणेल. पण रात्री दोन वाजता ऐकायला आहे कोण? चोर मिनिटांत काम उरकतो. आणि तालुक्याच्या दवाखान्यात संगणकाचा जाणकार म्हणजे पुष्कळदा एकच कारकून, तोही दिवाळीला गावी गेलेला. म्हणून मला वाटते, कडी दारादारांप्रमाणे वेगळी असावी. हजारो नोंदी एकदम बाहेर जाऊ लागल्या तर यंत्राने खुशाल वाट अडवावी. नोंदी बाहेर न गेल्याने कोणी मरत नाही. पण खाटेशेजारच्या पंपाला, श्वास देणाऱ्या यंत्राला, रोग्यासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरच्या पडद्याला त्याने हात लावता कामा नये. तिथे त्याने फक्त ओरडावे. आणि नोंदीचे दार चुकून लागलेच, तर काच फोडून साखळी ओढावी तसे ते उघडण्याचा हक्क कामावरच्या सिस्टरला असावा. कोणी उघडले, केव्हा उघडले, याची नोंद राहील. जाब दुसऱ्या दिवशी विचारावा, त्या रात्री नव्हे. कोणते दार कोणत्या जातीचे, हे यंत्र विकणाऱ्याने ठरवू नये. ज्यांना उद्या रोग्याच्या बापापुढे उभे राहायचे आहे, त्यांनी आधी बसून ठरवावे. यंत्राला त्या बापापुढे उभे करता येत नाही, आणि केले तरी त्याला खाली पाहावेसे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली, ती पैशाची नाही म्हणून बहुधा कोणी सुचवीत नाही. दिल्लीत त्या दोन आठवड्यांत कामाला आले ते कागद-पेन. आमच्या दवाखान्यांनी महिन्यातून एक सकाळ संगणक मिटून ठेवावा आणि सारी बाह्यरुग्णांची गर्दी हाताने लिहून काढावी. पहिल्या खेपेला रांग व्हरांड्याबाहेर जाईल, तरुण डॉक्टरांचे अक्षर त्यांचे त्यांनाच लागणार नाही, आणि म्हाताऱ्या सिस्टर मनातून खूश होतील. कोऱ्या केसपेपरांचे गठ्ठे ठेवायला मात्र एक कपाट पुन्हा आणावे लागेल. जुने, लोखंडी चालेल. वाळवी लागणार नाही असे.