पुस्तकातली आई, पडद्यावरची आई

पुस्तकावरून चित्रपट निघाला की 'मूळ पुस्तकाची सर नाही' असं आपण सहज म्हणून जातो. पण कमी पडतं ते नेमकं काय?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यावरच्या आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. वनमालाबाईंची आई पाहून आजही डोळे भरतात. म्हणजे पडद्याला भावना पेलत नाहीत असं नाही.

तरी फरक आहे. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना ४२ रात्रींत आठवणी सांगतो. हट्ट करणारा मुलगा आणि त्या हट्टाची खंत वाटणारा माणूस एकाच वाक्यात भेटतात. पडद्यावर प्रसंग समोर घडतो, हट्ट दिसतो. नंतरची खंत दाखवणं अवघड. आमच्या कामात एका प्रणालीतली माहिती दुसरीत नेताना काही रकान्यांना जागाच सापडत नाही, तसंच हे.

इथे अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून आपण चित्रपट लावून देतो. जरूर लावावा. पण नंतर रोज एक 'रात्र' मोठ्याने वाचूनही दाखवावी. श्यामनेही ती सांगितलीच होती ना!